भार आल्यावर आवळायचं

२००७ च्या जुलैत माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांकडून आवाज येऊ लागला. मोठ्या खड्ड्यात तो यायचा नाही, कारण खड्डा दिसला की आपण गाडी सावकाश घालतो. खडी उखडलेल्या सपाट रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात, पायाखालून यायचा : खट, खट, खट. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. ती सरळ ठेवायला मनगटात सतत जोर धरावा लागायचा.

गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, आदल्या वर्षी जुनी घेतलेली. मी तेव्हा पाटणच्या पुढे डोंगरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि कऱ्हाडहून रोज जा-ये करत होते. सोबत दोन शिक्षिका असायच्या, पेट्रोलचा खर्च तिघींत. कधी शाळेतलं एखादं तापानं फणफणलेलं पोर मागच्या सीटवर आडवं घालून ग्रामीण रुग्णालयात आणायचं काम याच गाडीनं केलं होतं. त्या भागात पाऊस लागला की चार-चार दिवस थांबत नाही, आणि रस्त्याच्या कडेनं वाहणारं लाल पाणी रस्ताच कुरतडून नेतं.

मी तीन वेळा गाडी गॅरेजला नेली. पहिल्यांदा शॉकअप बदलले, दुसऱ्यांदा चाकांचं बॅलन्सिंग झालं. पगारातले बरेच पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला. तिसऱ्यांदा मला सांगण्यात आलं, जुनी गाडी आहे, आवाज येणारच. मी ते मान्य करून घरी आले. गाडीतलं मला काही कळत नाही, हे मी तोवर स्वतःशी पक्कं ठरवलेलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला मिस्त्रीकाका राहायचे. एसटीच्या कऱ्हाड आगाराच्या वर्कशॉपमध्ये त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली होती आणि निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. हातोड्यांच्या आणि इंजिनांच्या गदारोळात त्यांचे कान गेले होते. अगदी कानाशी ओरडलं तर एखादा शब्द पोहोचायचा, बाकी काही नाही. त्यामुळे गल्लीनं त्यांच्याशी बोलणं हळूहळू बंद केलं होतं. येता-जाता हात वर करायचा, ते मान हलवायचे, झालं. मीही तेवढंच करायचे. याची खंत मला आजही आहे.

त्या संध्याकाळी मी गाडी लावत होते. काका कट्ट्यावरून उठून आले, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवून म्हणाले, "बाई, टायर आतनं खाल्लाय." मी वाकून पाहिलं. बाहेरची नक्षी शाबूत आणि आतली कड गुळगुळीत. तीन गॅरेजवाऱ्यांत ते मला कुणी दाखवलं नव्हतं. ते गाडीत बसले आणि हातानं खूण केली, चला.

वारुंजी फाट्यापर्यंत आम्ही गेलो. काकांनी चपला काढून अनवाणी पाय फरशीला लावले होते, एक तळवा डॅशबोर्डवर आणि दुसरा दाराच्या खांबावर. डोळे मिटलेले. आपण एखाद्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो, तसे ते गाडीला हात लावून बसले होते. परत येताना बोलले, "ठोका पायात येतोय, हातात न्हाई. शॉकअप असता तर वरनं आला असता. हे खालचं हाय. लोअर आर्म."

घरापाशी आल्यावर त्यांनी एकेक बाजू जॅकनं उचलली आणि चाक घड्याळातल्या बारावर आणि सहावर धरून मागेपुढे हलवलं. डावं चाक हातभर अंतरावरूनही डुगडुगताना दिसलं. मला खाली बघायला लावलं : आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या खोबणीत वर-खाली होत होता. त्यावरचं रबरी टोपण फाटलं होतं. तिथून चिखलपाणी शिरलं, ग्रीस धुऊन गेलं आणि गोळी लोखंडावर लोखंड घासत झिजली. काकांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या पंजात धरली आणि मूठ निसटवून दाखवली. "हे सुटलं की चाक आडवं पडतं. तवर गाडी हलवायची न्हाई."

पुढचा आठवडाभर मी एसटीनं गेले. मागच्या सीटवरची ती तापलेली पोरं मला रोज आठवत होती.

मला वाटलं होतं, काका काम करून देतील आणि मी त्यांना मजुरी देईन. मी तसं खुणेनं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "मी करून दिलं तर पुढच्या टायमाला मलाच हाक माराल. आन् मला ऐकू येत न्हाई. तुमी करा. मी बसतो." त्यात गंमत नव्हती, ते मनापासून सांगत होते.

प्रश्न विचारायचे कसे, हा माझा पहिला अडसर. मी घरातली शाळेची पाटी आणि खडू घेऊन आले. काका सातवीपर्यंत शिकलेले, वाचन चांगलं. मी पाटीवर लिहायचे, ते वाचून मोठ्यानं उत्तर द्यायचे. माझा पहिला प्रश्न होता, "बॉल जॉइंट म्हणजे उखळीचा सांधा?" खांद्याचा आणि खुब्याचा सांधा आम्ही मुलांना याच नावानं शिकवतो. काकांनी दोनदा वाचलं. "शाळंत ह्याला असं म्हणत्यात व्हय?" म्हणाले आणि कितीतरी वेळ पाटीकडे बघत राहिले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं, हे मला त्या वेळी समजलं.

एक गोष्ट सांगायला हवी. काकांची हयात मोठ्या बसगाड्यांत गेली होती. तिथे पाटे असतात, किंगपिन असते, सगळं वेगळं. मारुतीचा आर्म त्यांनी स्वतः कधी बदललेला नव्हता आणि ते त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले आणि ८०० चे दोन जुने आर्म घेऊन आले. अंगणात बसून हॅकसॉनं एकाचा बुश मधोमध कापला आणि मला दाखवला : बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना घट्ट चिकटलेलं रबर. बसच्या पाट्यांतले जे बुश त्यांनी आयुष्यभर बदलले होते, त्यावरून ते या छोट्या बुशापर्यंत पोहोचत होते. मी शिकत होते आणि माझे गुरुजीही शिकत होते.

त्या आर्मची रचना साधी आहे. आतल्या टोकाला बुश, तो गाडीच्या सांगाड्याला एका बोल्टनं धरलेला. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, तो चाकाला धरणाऱ्या नकलमध्ये. आणि दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारा एक वाकवलेला गज, अँटी-रोल बार. वळणावर गाडी कलू नये हे त्याचं काम, पण ८०० मध्ये आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही तोच करतो. पुढे मी वाचलं, की या पद्धतीचं सस्पेन्शन अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९४० च्या दशकात आखलं आणि १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल गाडीत ते आलं. एका गजाकडून दोन कामं करून घ्यायची ही त्याचीच युक्ती. ती कापलेल्या बुशाच्या मदतीनं कऱ्हाडच्या एका अंगणात मला आधीच समजलेली होती.

दोन्ही बाजूंचे नवे आर्म मी दुकानातून आणले, बुश आणि बॉल जॉइंटसकट तयार. दोन्ही मिळून बाराशे रुपयांच्या आत आले. नुसते बुश ठोकून बसवता येतात, पण त्याला प्रेस लागतो आणि झिजलेली गोळी तशीच राहते. घरी करायचं तर अख्खा आर्म, आणि एक गेला तर दुसराही बदलायचा, असं काकांचं म्हणणं पडलं. शनिवारी रात्री सगळ्या नटांवर डिझेल सोडून ठेवलं आणि ऑगस्टमधल्या रविवारी, पाऊस उघडलेला पाहून, सकाळी सातला आम्ही कामाला लागलो.

काका घरातून लोखंडाच्या दोन घोड्या घेऊन आले. ट्रकच्या जुन्या पाइपच्या, तीन पायांच्या, त्यांनी स्वतः उभं राहून वेल्ड करून घेतलेल्या. "बाई, जॅक उचलायला हाय, धरायला न्हाई," हे त्या दिवशीचं पहिलं वाक्य. हँडब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. मी सवयीनं गाडी गिअरमध्येही टाकली होती. त्यावर काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, की बसचं इंजिन मागची चाकं फिरवतं, हिचं पुढची. पुढची चाकंच उचलल्यावर गिअर कशाला धरणार? दगडावरच भिस्त. मग त्यांनी ते दगड स्वतः लाथ मारून तपासले.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. दोन्ही बाजू उचलून दोन्ही घोड्यांवर ठेवल्या. एकच बाजू उचलली असती तर अँटी-रोल बार पिळून राहिला असता आणि नट काढताच आर्म उसळला असता. काढलेली चाकं गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवली. घोडीही घसरलीच, तर गाडी चाकावर टेकेल आणि माणसाला बाहेर पडायला जागा मिळेल.

मग मी पाना हातात घेतला. बारच्या टोकाची स्प्लिट पिन गंजून तुटली, तिचा तुकडा बारीक खिळ्यानं बाहेर काढावा लागला. नट सुटल्यावर वाट्यांसारखे वॉशर आणि रबरं एकेक करून निघाली. काकांनी ती निघाली त्याच क्रमानं पाटीवर मांडायला लावली आणि प्रत्येकाची खोलगट बाजू कुणीकडे होती, ते खडूनं शेजारी लिहून घेतलं. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये एका आडव्या बोल्टनं आवळलेली असते आणि तो बोल्ट दांडीवरच्या खाचेत बसलेला असतो. म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पुरता काढावा लागतो. मी तो सैल करून पहारीनं आर्म खाली दाबत होते, घाम गळत होता, काही हलत नव्हतं. काका बघत होते. त्यांना चूक दिसत होती आणि तरीही ते गप्प राहिले. पाचेक मिनिटांनी मी स्वतःच थांबले आणि पाटीवर लिहिलं, "बोल्ट पूर्ण काढायचा?" त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी पुढे अनेकदा आठवलं आहे. वर्गात उत्तर जिभेवर आलेलं असताना मुलाला ते शोधू देणं किती अवघड असतं, हे मला शिक्षक म्हणून ठाऊक होतं. शिकण्याच्या बाजूनं त्याचा अनुभव मात्र त्या दिवशी आला.

बोल्ट निघाला. नकलच्या फटीत छिन्नी हलकेच सारून ती अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढी फाकवली, पहार दाबली आणि दांडी 'टक' करून खाली आली. नकल बाहेर झुकू लागताच काकांनी पहिल्यांदा हात पुढे केला, तो सुतळीनं बांधून टाकला. तसाच लोंबकळू दिला असता तर चाक फिरवणारा शाफ्ट आतून ओढला गेला असता. त्या दिवसभरात त्यांनी गाडीला एवढाच हात लावला.

जुना आणि नवा आर्म शेजारी ठेवले. नव्याची दांडी हातानं हलवायला जोर लागत होता, जुन्याची आपल्याच वजनानं कलंडत होती. जुन्या बुशाचं रबर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं तडकलेलं होतं. याच तुकड्यावर आम्ही तिघी रोज घाटातून ये-जा करत होतो.

नवा आर्म बसला. वॉशर पाटीवरच्या क्रमानं चढले. बॉल जॉइंटचा बोल्ट खाचेतून आरपार जाऊन आवळला गेला, बारच्या टोकाला नवी स्प्लिट पिन पडली. राहिला आतल्या बुशाचा बोल्ट. मी पाना लावून सगळा जोर टाकणार, तोच काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आत्ता न्हाई. भार आल्यावर आवळायचं."

त्यांनी भंगारातला दुसरा आर्म त्यांच्या शिकंज्यात बुशाच्या बोल्टनं घट्ट आवळला आणि मला तो वर उचलायला लावला. उचलला, सोडला, आर्म परत मूळ जागी आला. बुशातलं रबर घसरत नाही, पिळतं. गाडी घोड्यांवर असताना चाकं खाली लोंबत असतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला, की लोंबतं चाक ही रबराची विसाव्याची जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतही त्याला आराम मिळत नाही आणि काही महिन्यांत ते फाटतं. म्हणून आधी सैल ठेवायचं, गाडी आपल्या चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मग आवळायचं.

दुसरी बाजूही तशीच करून चाकं चढवली. मग बांधकामाच्या जाड फळ्या चाकांखाली घेऊन आम्ही गाडी खाली उतरवली, म्हणजे हात जायला जागा मिळाली. स्टिअरिंग एका बाजूला पुरतं वळवून मी दोन्हीकडचे बोल्ट आवळले. दुपारचे दोन वाजले होते.

आम्ही पुन्हा वारुंजी फाट्याकडे निघालो. काकांचे पाय अनवाणी, तळवा डॅशबोर्डवर. उखडलेल्या पट्ट्यावरून गाडी गेली. मला ऐकू आली ती फक्त टायरखालची खडी. काकांना तेही ऐकू येणार नव्हतं. त्यांनी पायाचा तळवा थोडा वेळ फरशीला दाबून धरला, मग पाय वर घेऊन चपलेत घातला. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा बघायचे आणि टायरच्या दुकानात जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं, एवढं सांगून ते गप्प बसले.

घरी आल्यावर मी पाटी पुसली आणि लिहिलं, "किती द्यायचे?" काकांनी वाचलं. तळव्यानं ती अक्षरं पुसून टाकली, पाटी माझ्या हातात दिली आणि दगड उचलून कडेला ठेवायला लागले.

त्यांनी गाडी दुरुस्त करून दिली असती, तर मी पैसे दिले असते, काकूंना साडी नेसवली असती आणि फिटंफाट झाली असती. त्यांनी मला काम दिलं. हात आवरून सहा-सात तास माझ्या शेजारी बसले आणि माझ्याबद्दल मी जे ठरवून टाकलं होतं, ते माझ्याकडूनच मोडून घेतलं. याची परतफेड कशी करायची, ते मला अजून सापडलेलं नाही. त्या वर्षी मी तो कापलेला बुश आणि झिजलेला आर्म शाळेत नेला. बॉल जॉइंट दाखवून उखळीचा सांधा शिकवला, बुश दाखवून बिजागरीचा. पोरांनी दांडी गरागरा फिरवून बघितली. घरी येऊन मी ते पाटीवर काकांना लिहून दाखवलं. त्यानंतर पाटी आमच्या कट्ट्यावर कायमची राहिली. गल्लीतली पोरं तिच्यावर काकांना काहीबाही विचारू लागली, सायकलच्या चेनपासून एसटीच्या हॉर्नपर्यंत, आणि काका मोठमोठ्यानं उत्तरं देऊ लागले. त्या कट्ट्यावर पुन्हा माणसाचा आवाज आला, एवढंच काय ते माझ्याकडून घडलं.

ती गाडी मी आणखी सहा वर्षं चालवली. नंतरच्या गाडीचा आर्म वेगळ्या घडणीचा होता, बुश दोन होते, पण बदलताना मी भार आल्यावरच आवळला. २०१६ साली मिस्त्रीकाका गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून त्या दोन घोड्या दिल्या. काकांनी तसं सांगून ठेवलं होतं.

घोड्या आमच्या जिन्याखाली आहेत. दर पावसाळ्याआधी त्यांना रंग देते. गल्लीत कुणालाही गाडीखाली जायचं असेल तर त्यानं दार वाजवावं आणि त्या न्याव्यात, विचारण्याची गरज नाही. फक्त जॅकवर विसंबून कुणी गाडीखाली शिरू नये.